परिशिष्ट ‘अ’ : एका अभिनंदनाच्या ठरावाचं प्रकरण

पुणे परिसरातल्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सभा शाखेत मी 31 वर्षं काढली. लघुलेखक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून 2018 मध्ये बाहेर पडलो. संस्थेचं नाव घेत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले बरेच जण अजून नोकरीत आहेत, आणि माझी पेन्शनही तिथूनच येते.

आमच्या शाखेत अभिनंदनाचा ठराव म्हणजे पेढ्याचा विषय. कुणाची कुठे निवड झाली, कुणी पदक आणलं, की सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव आटोपून हे विषय घ्यायचे. सूचक एक, अनुमोदक चार-पाच, ‘एकमताने मंजूर’. मजकूर आमच्याकडे तयारच असे, फक्त नाव बदलायचं. एकदा घाईघाईत एका पैलवानाचं ‘निष्णात शल्यविशारद’ म्हणून अभिनंदन झालं आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त तसंच कायमही झालं. कुणी वाचलं असतं तर सापडलं असतं.

त्यामुळे मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका परिसेविकेचा, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरांचा, फोन आला, “काका, 12 तारखेच्या नर्सेस डेला धरून आमच्यासाठी ठराव येतोय, मसुदा जरा नजरेखालून घालाल का?” तेव्हा मी म्हणालो, “सिस्टर, त्यात नजरेखालून घालण्यासारखं काय असतं?” पुढे जे झालं त्यावरून हे माझं बोलणं किती उथळ होतं ते कळेल.

दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतरचं हे चौदाव्या-पंधराव्या महिन्याचं ओझं होतं. सिस्टर आमच्या जिन्यात भेटायच्या तेव्हा नाकावर मास्कचा लाल वळ असायचा, आणि बोलायच्या त्या दोन पायऱ्या खाली उभ्या राहून.

मसुदा ठराव मांडणाऱ्या सभासदांच्या स्वीय सहायकाने लिहिलेला होता. देवदूत, त्यागमूर्ती, मायेची पाखर, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या लेकी. सगळं होतं. ‘परिचारिका भगिनींनी घरादाराची पर्वा न करता’ असंही होतं. कार्यकारी भाग एकाच वाक्याचा: हे सभागृह त्यांचं मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. मीही विचारलं असतं. पण रात्री नऊला, आठची पाळी बदलल्यावर, सिस्टरांनी फोनवर पाचसहा जणांना एकत्र घेतलं आणि दीड तास सगळे या चार ओळी सोलत बसले. पहिला आक्षेप एका ब्रदरचा. “भगिनी म्हटलंय. आम्ही काय करायचं, काका?” आयसीयूत रुग्ण पालथा घालायचा तर चार माणसं लागतात, त्यात ते रोज असायचे.

दुसरा आक्षेप पदनामाचा. सामान्य वाचकाला परिचारिका म्हणजे परिचारिका. सरकारी दप्तरात मात्र अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, वेगळी, परिसेविका वेगळी, अधिसेविका, म्हणजे आपली मॅट्रन, वेगळी. शिवाय केंद्राच्या रुग्णालयांत 2016 मध्ये स्टाफ नर्सचं पदनाम बदलून नर्सिंग ऑफिसर केलं. तोच बदल इथे व्हावा ही जुनी मागणी होती. मॅट्रनबाईंचं म्हणणं, “आम्ही अधिकारी म्हणवून घ्यायला निघालोय आणि ठराव आम्हाला माय म्हणतोय. उद्या पगाराचं बोललं की म्हणणार, माय कधी हिशेब मागते का?”

नाइटिंगेलचं नाव त्यांना नको होतं असं नाही. पण एका सिस्टरने मला सुनावलं ते लक्षात राहिलं. बाईंचा दिवा सगळ्यांना ठाऊक, तक्ते कुणाला ठाऊक नाहीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. त्यांनी हा मसुदा पाहिला असता तर आधी विचारलं असतं, एका नर्समागे खाटा किती?

तो प्रश्न अवघडच होता. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, आणि रजेसाठी वर तीस टक्के. आमच्या सिस्टरांच्या वॉर्डात त्या महिन्यात काय होतं ते त्यांनी मला सांगितलं. आकडा इथे लिहीत नाही, संस्था ओळखू येईल. पाच नव्हता एवढं खरं.

म्हणून दुसरा मसुदा तयार झाला, तो मी लिहिला. त्यात तीन मागण्या घातल्या. एक, रिक्त पदांचा अहवाल प्रशासनाने पुढच्या सभेपुढे ठेवावा. दोन, पदनामं बरोबर लिहावीत आणि ‘परिचारिका व परिचारक’ म्हणावं. तिसरी एका कंत्राटी मुलीची. ती जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून मराठवाड्यातून आलेली, फोनवर सगळ्यांत कमी बोलत होती. शेवटी म्हणाली, “काका, देवदूत नका लिहू. माझं नाव लिहा.”

मी समजावलं की अभिनंदनाच्या ठरावाला नावांची यादी जोडायची पद्धत नाही. एखाद्या खेळाडूचं असतं तेव्हा एकच नाव असतं. सगळ्या पेशाचं अभिनंदन करताना पेशाचंच नाव घेतात. ती म्हणाली, “पण आमचं नाव कुठंच नाही ना.”

तिला ठेकेदाराने नेमलेलं. हजेरीपट ठेकेदाराकडे, नेमणुकीचं पत्र तीन महिन्यांचं, तेही ठेकेदाराच्या लेटरहेडवर. संस्थेच्या आस्थापनेवर ती नाही, त्यामुळे संस्थेच्या एकाही कागदावर ती नाही. आणि 3 मे 2021 ला पंतप्रधान कार्यालयाने जाहीर केलं होतं की ज्यांनी शंभर दिवस कोविडची ड्युटी केली त्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. शंभर दिवस तिचे कधीच भरले होते. ते भरल्याचा दाखला कोण देणार, हा तिचा प्रश्न होता. मी तो तेव्हा कानाआड केला. मला वाटलं, ही भाबडी आहे, ठरावातून नोकरी मिळेल असं समजते आहे.

इथे सभागृह कसं चालतं ते सांगायला हवं, कारण असे ठराव गुळगुळीत का निघतात याचं उत्तर तिथेच आहे. लोकांना वाटतं नगरसेवकांना काही पडलेली नसते. तसं नाही. ठरावात प्रशासनाला एखादी गोष्ट करायला सांगितली, किंवा ज्यातून खर्च निघतो असं काही घातलं, की त्यावर प्रशासनाचा अभिप्राय लागतो. अभिप्राय म्हणजे फाइल. आरोग्य विभाग, मग लेखा, मग सामान्य प्रशासन, मग वर. विषयाच्या टिपणीत ‘आर्थिक भार’ असा रकाना असतो, तो मोकळा असेल तर फाइल परत. निव्वळ अभिनंदनाला मात्र काही लागत नाही. तो अध्यक्षांच्या परवानगीने त्याच दिवशी येतो, त्याच दिवशी मंजूर होतो. एकमत होतं, कारण कुणाच्या खिशाला हात लागत नाही.

सभा शाखेतला माझा जुना सहकारी फोनवर म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्हीच असं लिहायला लागलात तर कसं व्हायचं? अहवाल पाहिजे असेल तर 12 तारीख विसरा. 12 तारीख पाहिजे असेल तर अहवाल विसरा.” तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी त्याच्या जागी असताना हेच बोललो असतो, बोललोही आहे.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. अमेरिकेत 30 मार्चला डॉक्टर्स डे असतो, कारण 1842 मध्ये त्या तारखेला जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने ईथरची भूल देऊन गाठ काढली. त्या दिवसावर 1990 मध्ये काँग्रेसने संयुक्त ठराव केला, राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी सही केली. पण असे दिवस, आठवडे, महिने जाहीर करण्यात इतका वेळ जायला लागला की 1995 मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने नियमच केला, स्मरणदिनाची विधेयकं इथे आणायचीच नाहीत. मला हा नियम वाचून हसू आलं आणि हेवाही वाटला. आमच्या शाखेचे वर्षाला किती कागद वाचले असते! आपला 1 जुलैचा डॉक्टर दिन डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखेवरून 1991 पासून पाळला जातो, त्याला कुठल्या ठरावाची गरज पडली नाही. परिचारिकांसाठी तर 2020 हे अख्खं वर्ष जागतिक आरोग्य परिषदेने त्यांच्या नावे केलं होतं. जाहीर 2019 मध्ये केलं. त्या वर्षात काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

गौरव आणि तरतूद यांतला फरक पाहायचा असेल तर 2020 च्या दोन तारखा पुरेत. 22 मार्चला संध्याकाळी पाचला आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या आठवड्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली, भाड्याची घरं सोडायला लावली गेली. मग 22 एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून साथरोग कायदा दुरुस्त केला: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड, गंभीर दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. हा मूळ कायदा 1897 चा. पुण्याला तो प्लेगच्या घरझडतीमुळे आणि रँडमुळे चांगलाच ठाऊक. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कायद्याच्या नावाने लोक थरथरले, त्यातच आता नर्सला संरक्षण मिळालं. टाळ्यांनी ते मिळालं नसतं, आणि टाळ्या वाजल्या नसत्या तर वटहुकूम इतक्या लवकर आला असता का, तेही मला सांगता येत नाही.

परत आमच्या ठरावाकडे. अहवालाची मागणी गेली. परिचारिका संघटनेच्या सरचिटणीस ताईंनी खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसचा मुद्दा आणला होता. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना 20 हजारांहून कमी देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर राज्य सरकारइतकं वेतन द्यावं. पुण्यात गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत, तिथे काय मिळतं हे त्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यालाही ठाऊक असतं. पण खासगी रुग्णालयाचं वेतन हा आमच्या सभागृहाचा विषयच नव्हे. तोही मुद्दा गेला.

पदनामं राहिली. ‘देवदूत’ गेला, ‘त्यागमूर्ती’ मात्र सभासदांनी हट्टाने ठेवला. म्हणाले, “अहो, भाषणात काहीतरी बोलायला नको का?” ‘परिचारक’ राहिला.

राहता राहिली यादी. मी ती गाळायच्या बेतात होतो. सिस्टर म्हणाल्या, “काका, अहवाल गेला, पगार गेला. त्या पोरीचं तेवढं ठेवा. खर्च तर काही नाही त्यात.” खर्च नाही म्हटल्यावर माझ्यातला अधीक्षक जागा झाला. खरंच, यादीला अभिप्राय लागत नाही. यादी कुणाला काही करायला सांगत नाही. मग मी मुख्य मजकुरात एक वाक्य घातलं: ‘सोबतच्या परिशिष्ट अ मध्ये नमूद केलेल्या, सध्या कोविड कक्षात कार्यरत असलेल्या नियमित व कंत्राटी परिचारिका व परिचारक यांचे’. परिशिष्टात नाव, शैक्षणिक अर्हता, कक्ष आणि कोविड ड्युटीचे दिवस असे चार रकाने पाडले.

माहिती आली कुठून? ठेकेदाराने हजेरीपट दाखवला नाही. पण प्रत्येक वॉर्डात परिसेविकेच्या हातचा ड्युटी चार्ट असतो, कोण कुठल्या पाळीला, कुणाची नाइट, कुणाचा ऑफ. सिस्टरांनी घरी येऊन, हात धुऊन, चार रात्री बसून त्या चार्टांवरून दिवस मोजले. हे काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नव्हतं. मला पुण्यातल्या सेवासदनाची आठवण झाली. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये ते पुण्यात सुरू केलं आणि घरंदाज बायकांना, विधवांना नर्सिंगकडे वळवलं, ससूनमध्ये शिकायला पाठवलं. परक्या माणसाची घाण काढायची म्हणून लोक नाकं मुरडायचे. आता नाकं कुणी मुरडत नाही. पण मोजायचंही कुणी नाव काढत नाही.

सभा ऑनलाइन होती. शोकप्रस्ताव त्या महिन्यात इतके होते की अर्धा तास त्यातच गेला. मग हा ठराव. सभासदांनी पहिला परिच्छेद वाचला, नेट तुटलं, पुन्हा जोडलं, आणि अध्यक्ष म्हणाले, “ठराव वाचला असे समजण्यात यावे.” सगळ्यांचं अनुमोदन. एकमताने मंजूर. परिशिष्ट कुणी उघडलंही नसणार. उघडलं असतं तर कदाचित अडलं असतं, कारण ठेकेदाराची माणसं संस्थेच्या दप्तरात नावानिशी घेणं हे पुढे कुणीतरी ‘आम्ही तुमचेच कर्मचारी’ म्हणायला आधार ठरू शकतं. जूनच्या सभेत इतिवृत्त कायम करताना एका अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलंच. त्यांनी परिशिष्ट वगळण्याची सूचना केली. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही शाखेत नियमांचा किडा म्हणायचो, म्हणाले की इतिवृत्तात नोंदीची चूक दुरुस्त होते, झालेला निर्णय दुरुस्त होत नाही. निर्णय बदलायचा तर नवा ठराव आणा. परिचारिकांच्या अभिनंदनातून नावं कमी करण्याचा ठराव मांडायला अर्थातच कुणी पुढे आलं नाही.

पुढे छोटा कार्यक्रम झाला. मॅट्रनबाईंना ठरावाची फ्रेम केलेली प्रत, गुलाबाचं फूल, फोटो. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

लाट ओसरली आणि कंत्राटं संपली. ती मराठवाड्याकडची मुलगी एक दिवस घरी आली, ठरावाची साक्षांकित प्रत कशी काढायची विचारायला. मी अर्ज लिहून दिला. शुल्क नाममात्र होतं, आठ दिवसांत प्रत मिळाली, वर संस्थेचा गोल शिक्का. तिने ती दोन ठिकाणी जोडली. एका ठिकाणी परत आली, ‘नियुक्ती आदेश सादर करावा’ असा शेरा मारून. दुसऱ्या ठिकाणी छाननी करणाऱ्या बाईंनी ती अनुभवाचा पुरावा म्हणून ठेवून घेतली. बाईंना ते करायला कोणत्या नियमाने भाग पाडलं असं मला वाटत नाही. त्यांनी शिक्का पाहिला, नाव पाहिलं, दिवसांचा आकडा पाहिला. तिच्यानंतर यादीतल्या बऱ्याच जणांनी प्रती नेल्या. सभा शाखेतला माझा सहकारी म्हणाला की अभिनंदनाच्या ठरावाच्या प्रती मागायला लोक येतात हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

इथवर मी हे प्रकरण ओळखीच्या लोकांना जरा छाती फुगवून सांगत असे.

2022 च्या उन्हाळ्यात एक फोन आला. बोलणारी मुलगी पहिल्या लाटेत, ऑगस्ट 2020 पासून, त्याच कक्षात होती. जानेवारी 2021 मध्ये रुग्ण कमी झाले तसं तिच्यासकट सात जणींना ठेकेदाराने कमी केलं. दुसरी लाट आली तेव्हा त्यांना बोलावलंच नाही, नव्या मुली घेतल्या. सातही जणींचे दिवस शंभराच्या वर. तिने प्रत काढली होती. “काका, यात माझं नाव का नाही?”

मी मसुदा काढून पाहिला. ‘सध्या कोविड कक्षात कार्यरत असलेल्या’. हा ‘सध्या’ माझा. कुणी सांगितला नव्हता, कुणी मागितला नव्हता. 31 वर्षांच्या सवयीने तो बोटांतून आला होता, कारण ‘सध्या’ लिहिलं की वाक्य कसं दप्तरी वाटतं. सिस्टरांनी चार्ट मोजले ते त्या शब्दाला धरून, म्हणून त्यांनी जानेवारीत संपलेल्या नेमणुका घेतल्याच नाहीत. पैलवानाला शल्यविशारद करणाऱ्याला मी बरीच वर्षं हसलो होतो.

पुरवणी ठराव करून घ्यावा म्हटलं तर सभागृहच उरलं नव्हतं. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक आले. प्रशासकाला सभागृहाचे अधिकार असतात, तो ठराव करू शकतो. सूचकही तोच, अनुमोदकही तोच. मी रीतसर विनंती केली. उत्तर आलं की सदर विषय तातडीचा नसल्याने विचारात घेता येत नाही. निवडणुका लांबत गेल्या त्या थेट 2026 उजाडेपर्यंत. त्या सातांपैकी दोघी परदेशी गेल्या, एकीने पेशा सोडला. फोन करणारी एका खासगी रुग्णालयात आहे. तिला आता त्या कागदाचा नोकरीसाठी उपयोग नाही, तिने तसं मला सांगितलं. तरी नाव यायला हवं म्हणाली.

नवं सभागृह बसल्यावर मी पुन्हा एका सभासदांकडे गेलो. तरुण आहेत, आधी म्हणाले, “एवढ्या जुन्या विषयाचं काय?” मग सात नावं वाचली आणि सूचक व्हायला तयार झाले. मसुदा एका पानाचा केला आहे. विशेषण एकही नाही. ‘सध्या’च्या जागी दोन तारखा घातल्या आहेत, रुजू आणि कार्यमुक्त. सभा शाखेतून परवा नव्या कारकुनाचा फोन आला, टिपणीतला एक रकाना मोकळा राहिलाय म्हणून. मी त्याला सांगितलं, आर्थिक भार, निरंक लिही.